फेरारी, लॅम्बोर्गिनी की पोर्शे : न परवडणाऱ्या गाडीवरची निष्ठा

बारा सिलिंडर (फोंडा)

मंडळी, गाडी घेण्यासाठी सल्ला मागणारा हा धागा नाही, हे आधीच सांगतो. माझ्या दारात मारुती उभी आहे आणि पुढची गाडीही बहुधा मारुतीच असेल. प्रश्न निष्ठेचा आहे. जी गाडी आपण कधीच घेणार नाही, तिच्या बाजूने आपण इतक्या हिरिरीने का भांडतो?

माझी बाजू उघड आहे. 1947 साली 125 एस ही पहिली गाडी मारानेल्लोच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हापासून फेरारीने शर्यत आणि रस्ता यांची फारकत होऊ दिलेली नाही. 1950 मध्ये फॉर्म्युला वनची जागतिक स्पर्धा सुरू झाली, आणि तेव्हापासूनच्या प्रत्येक हंगामात उतरलेला हा एकमेव संघ आहे. सगळे जग टर्बो आणि बॅटरीकडे वळलेले असताना 2024 मध्ये त्यांनी बारा सिलिंडरचे, साडेसहा लिटरचे, टर्बो नसलेले आणि मिनिटाला 9,500 फेऱ्यांपर्यंत जाणारे इंजिन पुढच्या बॉनेटखाली बसवून नवी गाडी आणली आणि तिचे नावही ‘बारा सिलिंडर’ असेच ठेवले. (माझे टोपणनाव त्याच्या पुष्कळ आधीचे आहे, याची नोंद घ्यावी.)

लॅम्बोर्गिनीविषयी माझा आक्षेप असा की 1972 ते 1998 या काळात तिचे मालक इतक्या वेळा बदलले की निष्ठा ठेवायची ती नेमकी कोणावर, हेच कळत नाही. पोर्शेविषयी आदर आहे; पण साठ वर्षे तोच आकार पाहून ऊर भरून येतो असे म्हणणाऱ्यांचे मला नवल वाटते.

तुमची निष्ठा कोणावर, ती कशामुळे जडली, आणि काय घडले तर ती मोडेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळू नये.

नऊशेअकरा (पर्वरी)

आकार तोच आहे, कारण त्या आकाराखालचा प्रश्नही तोच आहे. 911 चे इंजिन मागच्या आसाच्याही मागे लटकलेले असते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ही जागा चुकीची आहे. जुन्या 911 मध्ये वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की वजन पुढे सरके, मागची चाके हलकी होत आणि तो जड शेपटा बाहेर फिरे. पुष्कळ चांगले चालक त्यामुळे गोत्यात आले. 1963 मध्ये फ्रँकफुर्टला ही गाडी प्रथम दाखवली गेली, तेव्हापासून तिथल्या अभियंत्यांच्या पिढ्या हा एकच दोष काबूत आणण्यात खपल्या आहेत. आणि वळणातून बाहेर पडताना मागच्या चाकांना जी पकड मिळते ती त्याच लटकलेल्या वजनामुळे मिळते. एकच गणित सहा दशके सोडवत राहणाऱ्या माणसांवर निष्ठा बसली, तर त्यात नवल ते काय?

शर्यतींचेच म्हणाल, तर ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत पोर्शेचे एकूण 19 विजय आहेत, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही कंपनीपेक्षा अधिक. आणि टर्बो नसलेले इंजिन ही काही मारानेल्लोची मक्तेदारी नव्हे. आमच्या 911 जीटी3 चे चार लिटरचे सहा सिलिंडर 9,000 फेऱ्यांपर्यंत जातात आणि सोबत हाताने बदलायचे गिअरही मिळतात. तसे गिअर नव्या फेरारीत मागून पाहा.

साखळीची सून

आमच्या घरी तिन्ही पक्षांचे लोक आहेत आणि गाडी मात्र एकच आहे, तीही सासूबाईंच्या नावावर.

बैलगाडा (डिचोली)

मूळ लेखात लॅम्बोर्गिनीची बोळवण दोन ओळींत केली आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

फेरुचिओ लॅम्बोर्गिनी हा ट्रॅक्टर बनवणारा माणूस होता. स्वतःच्या फेरारीच्या क्लचबद्दल त्याने एन्झो फेरारी यांच्याकडे तक्रार केली, त्यांनी त्याला उडवून लावले, आणि त्या रागातून 1963 मध्ये सांतागाताचा कारखाना उभा राहिला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यात मीठमसाला किती, हा वाद बाजूला ठेवू. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट 1966 ची आहे. त्या वर्षी जिनिव्हाच्या प्रदर्शनात मियुरा आली. बारा सिलिंडरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे, आणि तेही आडवे बसवलेले! शर्यतीच्या गाड्यांत इंजिन मध्यभागी ठेवण्याची पद्धत तेव्हा रुळली होती. पण सामान्य ग्राहकाच्या हाती अशी ताकदवान गाडी देणे धोक्याचे, असे खुद्द एन्झो यांचे मत होते. फेरारीची बारा सिलिंडरची, मध्यभागी इंजिन असलेली रस्त्यावरची गाडी विक्रीला आली ती 1973 मध्ये. मधली सात वर्षे मारानेल्लो सांतागाताकडे पाहत होते, असे मी म्हटले तर बारा सिलिंडर यांनी रागावू नये.

आता मालकांविषयी. मालक बदलले हे खरे आहे. कंपनी 1978 मध्ये दिवाळखोरीतही गेली, पुढे ती क्रायस्लरकडे गेली, मग इंडोनेशियाच्या लोकांकडे आणि 1998 मध्ये आउडीकडे. परंतु अभियंता बिझारिनी यांनी आखलेले बारा सिलिंडरचे मूळ इंजिन पहिल्या 350 जीटीपासून वाढत वाढत, साडेतीन लिटरचे साडेसहा लिटर होत, थेट 2010 मधल्या शेवटच्या मुर्सिएलागोपर्यंत टिकले. एवढे मालक आले आणि गेले, इंजिनाचा वंश मात्र तुटला नाही. निष्ठा कोणावर ठेवायची, याचे उत्तर यात आले.

बारा सिलिंडर

रागावण्याचा प्रश्नच नाही. मियुरा सुंदर आहे, हे मान्यच आहे. पण एन्झो यांचे मत तुम्ही भित्रेपणाच्या खात्यात टाकू नका. सुरुवातीच्या मियुराचे नाक मोठ्या वेगात हलके होत असे आणि पेट्रोलची टाकीही पुढेच असल्याने ती रिकामी होत जाईल तसे ते अधिकच हलके होई, हेही त्या कथेत यायला हवे.

मालकी फेरारीतही बदलली. 1969 मध्ये निम्मा हिस्सा फियाटकडे गेला. मात्र त्याआधी 1963 मध्ये फोर्डशी बोलणी जवळपास पूर्ण होत आली असताना, शर्यतींच्या विभागावर आपला अंमल राहणार नाही, असे दिसताच एन्झो यांनी ती मोडली. त्याची किंमतही मोजली. 1966 ते 1969 अशी सलग चार वर्षे ल माँ फोर्डने जिंकले. ज्या अटीवर माणूस एवढा मोठा सौदा सोडून देतो, त्या अटीवर माझी निष्ठा आहे.

खाणपट्टा (सावर्डे)

तुम्हा तिघांची क्षमा मागून लिहितो, कारण माझा अनुभव टिप्परचा आहे.

आमच्या भागात खाणी जोरात चालू होत्या तेव्हा टाटावाले आणि लेलँडवाले अशा दोन जाती होत्या, आणि सोयरीक सोडून बाकी सगळ्यात ती जात पाहिली जाई. ही निष्ठा जाहिरातीतून आलेली नव्हती. कोणत्या गाडीचा मिस्त्री जवळ आहे, क्लचप्लेट त्याच दिवशी मिळते का, भरलेली गाडी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकते की नाही, यावरून ती ठरत असे. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या आणि गाड्या ताडपत्रीखाली गेल्या. हप्ते मात्र थांबले नाहीत. तरीही एकाही लेलँडवाल्याने ‘टाटा घेतली असती तर बरे झाले असते’ असे म्हटलेले मी ऐकले नाही. ज्या वस्तूने तुमचे पोट भरले आणि तुम्हाला बुडवलेही, तिच्यावर जी राहते ती निष्ठा. तुमची ती आवड आहे. आवड वाईट असते असे नाही, पण तिचा हप्ता भरावा लागत नाही.

नऊशेअकरा

खाणपट्टा यांचा मुद्दा बिनतोड आहे, आणि मला तो अजिबात आवडलेला नाही.

तिसवाडीचा पाऊस (रायबंदर)

चर्चा फारच हवेत चालली आहे, म्हणून गोव्याच्या रस्त्यावर आणतो.

गेल्या डिसेंबरात ताळगावच्या रस्त्यावर एक पिवळी लॅम्बोर्गिनी हुराकान माझ्या पुढे होती. गावातला गतिरोधक आला, तोही रंग उडालेला. चालक थांबला, नाक वर उचलण्याचे बटण त्याने दाबले असावे, कारण गाडीचे तोंड हळूहळू वर आले. ही सोय साधारण 40 ते 45 मिलिमीटर उंची देते. मग त्याने गाडी तिरकी घेतली आणि एकेक चाक करत तो गतिरोधक ओलांडला. मागे स्कूटरवर मासळीची पाटी घेतलेली एक बाई होती, ती हॉर्न वाजवून थकली आणि शेवटी गटाराच्या कडेने पुढे निघून गेली. सहाशेच्या वर अश्वशक्ती आणि वेग पाटीवालीपेक्षा कमी.

फेरीबोटीचा विचारच करू नका. भरती-ओहोटीप्रमाणे बोटीची फळी कधी सपाट असते, कधी खडी. फेरारीचे पुढचे ओठ तिथे खरवडून निघतील. त्यातून पावसाळा. चिरेखाणीचे ट्रक गेलेल्या रस्त्यावर तांबडी माती भिजली की त्यावर रुंद टायर आणि मागच्या चाकांना मिळणारी एवढी ताकद म्हणजे आमंत्रण देऊन बोलावलेले संकट.

इथे मी पोर्शेच्या बाजूने एक गुण देतो. 2019 पासूनच्या 911 मध्ये पुढच्या चाकांच्या कमानीत आवाज टिपणारे संवेदक असतात. चाकाने उडवलेले पाणी कमानीवर आपटल्याचा आवाज ते ओळखतात आणि चालकाला ओल्या रस्त्यासाठीची पद्धत निवडायला सुचवतात. म्हणजे पाऊस ऐकून ओळखणारी गाडी! आमच्याकडे जूनपासून चार महिने तिला दुसरे काही ऐकूच येणार नाही, हा भाग वेगळा.

साखळीची सून

पाटीवाल्या बाईंची निष्ठा कोणत्या स्कूटरवर होती, ते विचारायला हवे होते.

वाचनमात्र (म्हापसा)

एरवी मी फक्त वाचतो. आपल्यापैकी किती जणांची फेरारीवरची निष्ठा मुळात फेरारीवर आहे?

माझ्या पिढीपुरते सांगायचे, तर दोन माणसांनी ती लावली. मायकेल शूमाकरने 2000 ते 2004 अशी सलग पाच विजेतेपदे लाल गाडीतून मिळवली. आणि 2002 मध्ये सचिन तेंडुलकरने ब्रॅडमन यांच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी केल्यावर त्याच शूमाकरच्या हस्ते त्याला 360 मोडेना भेट मिळाली. सरकारने माफ केलेल्या आयात शुल्कावरून केवढा गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर शुल्क फियाटने भरले, हे आठवत असेल. मराठी घराघरांत फेरारी हा शब्द पोहोचला तो त्या बातम्यांतून. मारानेल्लो कुठे आहे, हे कोणाला ठाऊक होते?

पुढे 2010 मध्ये शूमाकर मर्सिडीजकडून उतरला, तेव्हा माझी पंचाईत झाली. मी त्याच्या मागे गेलो. आता 2025 पासून हॅमिल्टन फेरारीत आहे, म्हणून पूर्वी फेरारीला शिव्या देणारा माझा धाकटा भाऊ लाल टोपी घालून बसतो. बारा सिलिंडर यांनी सांगावे, चालकांचे विजेतेपद फेरारीला 2007 नंतर मिळालेले नाही. मग एवढी वर्षे निष्ठा कशावर तग धरून आहे?

बारा सिलिंडर

हरणाऱ्या संघावर राहते तीच. जिंकणाऱ्यावर राहायला निष्ठा कशाला हवी? शिवाय ल माँ विसरू नका. पन्नास वर्षांनी वरच्या गटात परत येऊन फेरारीच्या 499पी ने 2023, 2024 आणि 2025 अशी तीन वर्षे ती शर्यत जिंकली, आणि समोर पोर्शेही होती.

मडगाव पॅसेंजर

नऊशेअकरा आणि बैलगाडा इतक्या पोटतिडकीने भांडत आहेत. पण पोर्शे आणि लॅम्बोर्गिनी या दोन्ही कंपन्या फोक्सवॅगन समूहातल्या आहेत. लॅम्बोर्गिनीची उरूस ही एसयूव्ही ज्या पायावर उभी आहे त्याच कुळातल्या पायावर पोर्शेची कायेन आणि आउडीची क्यू7 उभी आहे. हुराकानचे दहा सिलिंडरचे इंजिन आउडी आर8 मध्येही होते. कोणीही जिंकले तरी पैसा शेवटी वोल्फ्सबुर्गच्याच तिजोरीत जाणार.

बैलगाडा

मान्य आहे, पण आउडीच्या शिस्तीमुळेच लॅम्बोर्गिनी आज सकाळी हमखास सुरू होते. जुन्या मालकांच्या काळात तेवढीही खात्री नव्हती.

कुळागर (सांगे)

मी वयाने तुम्हा सर्वांपेक्षा मोठा असेन. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात परदेशी गाड्या येत, आणि 1961 नंतरही पुष्कळ वर्षे त्या इथल्या रस्त्यांवर होत्या. डिझेलच्या मर्सिडीज टॅक्सी म्हणून धावत, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. त्या टॅक्सीवाल्यांना प्रतिष्ठेचे काही नव्हते. इंजिन मरत नाही, एवढ्यासाठी ते त्या चांदणीला धरून होते. खाणपट्टा यांच्याशी मी सहमत आहे.

आल्तिनो (पणजी, सध्या स्टुटगार्ट)

मी इथे वाहन उद्योगातच, पण या तिन्ही कंपन्यांच्या बाहेर नोकरी करते, त्यामुळे माझे मीठ कोणाच्याही ताटातले नाही.

तिन्ही ठिकाणची संग्रहालये पाहिली आहेत. मारानेल्लो आणि सांतागाता ही दोन्ही गावे मोडेनाच्या आसपास, एकमेकांपासून तासाभराच्या आतल्या अंतरावर आहेत. मारानेल्लोत संग्रहालयाबाहेर काही मिनिटांसाठी फेरारी भाड्याने चालवायला मिळते, शेजारी प्रशिक्षक बसतो. मी ती हौस भागवून घेतली. वेगाचे सांगण्यासारखे काहीच नाही, कारण गावातून जाताना वेगमर्यादा पाळावीच लागते. लक्षात राहिले ते सुकाणूचे चाक. दिशादर्शकाची दांडी तिथे नसतेच. डावी-उजवी बटणे चाकावरच असतात आणि चाक फिरले की तीही फिरतात. पाठीमागच्या इंजिनाचा आवाज आधी पाठीच्या कण्याला समजतो आणि मग कानाला. 911 मध्ये याउलट सगळे इतके जागच्या जागी आहे की पहिल्या पाच मिनिटांत आपण गाडी विसरून रस्त्याकडे पाहू लागतो. मला स्वतःला हे अधिक आवडते, पण ज्यांना गाडी विसरायची नाही त्यांच्यासाठी इटली आहे.

मूळ प्रश्नातला तिसरा भाग कोणीच घेतलेला नाही, म्हणून माझी भर. पोर्शेच्या जुन्या भक्तांची निष्ठा 1998 मध्ये एकदा मोडली, कारण हवेने थंड होणारे इंजिन बंद झाले आणि पाण्याने थंड होणारे आले. 2002 मध्ये कायेन ही एसयूव्ही आल्यावर ती दुसऱ्यांदा मोडली. पण कायेनच्या पैशावरच पुढचे जीटी3 जगले, हे इथे कोणीही नाकारत नाही. लॅम्बोर्गिनीच्या 2024 मधल्या विक्रीत निम्म्याहून अधिक वाटा उरूसचा होता. फेरारीनेही 2022 मध्ये चार दारांची पुरोसांग्वे आणलीच, फक्त तिच्यात बारा सिलिंडर ठेवून लाज राखली. भक्त नाक मुरडतात, गाड्या खपतात, आणि त्या पैशातून भक्तांची लाडकी गाडी बनते.

घाटउतार (वाळपई)

आणखी एक बाजू. आपण निष्ठा फुकट देतो. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्याकडून ती वसूल केली जाते. फेरारीच्या मर्यादित संख्येच्या गाड्या नुसत्या पैशाने मिळत नाहीत. आधी किती गाड्या घेतल्या, त्या लगेच विकून नफा तर कमावला नाही ना, हे पाहून कंपनी ठरवते. 2024 मध्ये जाहीर झालेल्या एफ80 च्या 799 गाड्या अशाच जुन्या गिऱ्हाइकांच्या वाट्याला गेल्या. म्हणजे निष्ठेचा दाखला दुकानदार गिऱ्हाइकाकडे मागतो! आमच्याकडे दिवाळीला मिठाईवाला निदान हसून तरी बोलतो.

शिवाय गोव्यात इटालियन गाडी ठेवायची, तर दुरुस्तीसाठी मुंबई किंवा बंगळुरू गाठावे लागते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची गाडी (कंपनी सांगत नाही) सपाट ट्रकवर चढवून घाटातून नेली, एका सुट्या भागासाठी ती दीड महिना तिकडेच पडून होती, आणि परत आल्यावर त्यांनी पुन्हा त्याच कंपनीची दुसरी गाडी मागवली. खाणपट्टा, ही निष्ठा तुमच्या व्याख्येत बसते का?

खाणपट्टा

बसते. पैसे गेले, त्रास झाला आणि तरीही माणूस बदलला नाही. फक्त त्यांना लेलँडवाल्यांच्या पंगतीत बसवले, तर त्यांना चालेल का, ते विचारून सांगा.

बारा सिलिंडर

आता नऊशेअकरांना एक प्रश्न. चुकीच्या जागी असलेल्या इंजिनावर तुमची एवढी श्रद्धा. मग 2017 च्या 911 आरएसआर या शर्यतीच्या गाडीत खुद्द पोर्शेने इंजिन मागच्या आसाच्या पुढे आणून ठेवले, त्याचे काय?

नऊशेअकरा

याची वाटच पाहत होतो. शर्यतीत मागच्या बाजूला हवेचा दाब साधणारा मोठा विसर्जक बसवायचा होता आणि इंजिन त्याच्या आड येत होते, म्हणून ते पुढे गेले. रस्त्यावरच्या 911 मध्ये ते जिथल्या तिथे आहे. पण तुमच्या प्रश्नातच माझे उत्तर आहे. ज्या दिवशी रस्त्यावरच्या 911 चे इंजिन मध्यभागी येईल, त्या दिवशी मी हे टोपणनाव सोडेन. 2024 मध्ये 911 च्या जीटीएसला विजेची जोड मिळाली, ती मी गिळली. टर्बोही गिळले आहेत. इंजिनाची जागा मात्र नाही. ती बदलली तर गाडी बहुधा अधिक चांगली होईल, पण ती दुसऱ्या कोणाची तरी गाडी असेल.

बारा सिलिंडर

मग मीही माझी रेघ आखतो. पुरोसांग्वे चालली. सहा सिलिंडरची 296 चालली. विजेवरची फेरारीही मी तोंड वाकडे करून का होईना, पण सहन करीन. फॉर्म्युला वन सोडली, तर मात्र संपले. 1963 मध्ये जे विकायला नकार दिला तेच सोडून दिल्यावर उरतो तो लाल रंग आणि महाग टोप्या.

बैलगाडा, तुम्ही राहिलात.

बैलगाडा

हुराकानचे दहा सिलिंडर गेले आणि तेमेरारिओत दोन टर्बो लावलेले आठ आले, तेव्हा दोन दिवस वाईट वाटले. मग ते इंजिन 10,000 फेऱ्यांपर्यंत जाते, असे वाचले आणि समेट झाला. 2023 च्या रेवुएल्तोत तीन विजेच्या मोटरी आहेत, पण पाठीमागे साडेसहा लिटरचे, टर्बो नसलेले बारा सिलिंडरही आहेत. ते आहेत तोवर माझ्यापुरता तिसरा प्रश्न उद्भवत नाही. ते गेल्यावर मी मियुराच्या छायाचित्रावर भागवीन, नाहीतरी आजवर त्यावरच भागले आहे.